फुटबॉल सुटल्यानंतर लॉन बॉल्स: गुडघा ही खरी अडचण नाही

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी ४१ वर्षांचा आहे. कोल्हापुरात सोळाव्या वर्षापासून एका पेठेच्या संघातून हाफ (मधल्या फळीतला खेळाडू) म्हणून खेळलो. ३३व्या वर्षी गुडघ्याचे लिगामेंट तुटले, शस्त्रक्रिया झाली आणि फुटबॉल संपला. दोन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात आलो. घराजवळ लॉन बॉल्सचा (हिरवळीवर गोळे घरंगळत लक्ष्याजवळ नेण्याच्या खेळाचा) क्लब आहे. तिथल्या खेळाडूंची वये पाहून आत पाऊल टाकवत नाही; पण २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांनी या खेळात जिंकलेले सुवर्णपदकही आठवते. फुटबॉल खेळलेल्या माणसाला या खेळात खरोखर वरपर्यंत जाता येते का, की ही निवृत्तांची करमणूक आहे?”

यात दोन गोष्टी उघडपणे विचारल्या आहेत आणि तिसरी विचारायची राहून गेली आहे. गुडघा साथ देईल का आणि वय आड येईल का, हे उघड प्रश्न आहेत. न विचारलेला प्रश्न असा की, पंधरा-सतरा वर्षे मैदानावर आपली ओळख असलेल्या माणसाला पुन्हा स्वतःला खेळाडू म्हणवून घेता येईल का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तुलनेने सोपी आहेत. तिसऱ्याचे उत्तर मला स्वतःला मिळायला चार हंगाम लागले, म्हणून त्यावर अधिक लिहितो.

माझी पार्श्वभूमी सांगणे योग्य ठरेल. मीही कोल्हापूरचाच. शाहू स्टेडियमच्या मातीवर लेफ्ट हाफ म्हणून खेळलो आणि तिशी ओलांडल्यावर मेलबर्नला आलो. येथे लॉन बॉल्स खेळू लागलो त्याला आता बावीस हंगाम झाले. त्यांपैकी शेवटचे नऊ मी आमच्या क्लबात नवख्यांना शिकवतो. व्हिक्टोरियातील शनिवारच्या पेनंट (क्लबांमधल्या साखळी) सामन्यांत स्किप, म्हणजे संघनायक, म्हणून खेळतो आणि दोनदा क्लबचा एकेरी विजेता झालो आहे. यापेक्षा मोठा दावा माझा नाही. परंतु फुटबॉलमधून आलेले बरेच शिकाऊ माझ्या हाताखालून गेले आहेत आणि त्यांच्या चुकांमध्ये मला माझ्याच चुका दिसल्या आहेत. पुढे घोळ होऊ नये म्हणून फुटबॉलला ‘चेंडू’ आणि लॉन बॉल्सच्या मोठ्या गोळ्याला ‘बॉल’ असे म्हणतो.

आधी गुडघा. येथे सर्व काही एका तपशिलावर अवलंबून आहे आणि तो तुम्ही लिहिलेला नाही: गुडघा कोणता, डावा की उजवा? उजव्या हाताने बॉल टाकणारा माणूस मॅटवर उभा राहून डावा पाय पुढे टाकतो, खाली वाकतो आणि बॉल जमिनीलगत सोडतो. त्या क्षणी शरीराचा बहुतेक भार वाकलेल्या डाव्या गुडघ्यावर असतो. उजव्या पायाने किक मारणाऱ्या फुटबॉलपटूचा रोवला जाणारा पायही डावाच असतो. म्हणजे ज्या पायाने आयुष्यभर भार सोसला, त्याच्याकडूनच पुन्हा काम घ्यायचे असते. दुखावलेला गुडघा उजवा असेल तर गोष्ट बरीच सोपी आहे, कारण मागचा पाय वाकतो पण त्याच्यावर फारसा भार येत नाही.

एका सामन्यात किती वेळा वाकावे लागते, हाही हिशोब करून पाहावा. चौघांच्या संघात प्रत्येकाच्या वाट्याला दर एंडला, म्हणजे सामन्यातल्या प्रत्येक फेरीला, दोनच बॉल येतात, त्यामुळे २१ एंडांचा सामना झाला तरी ४२ वेळा वाकायचे. एकेरीत दर एंडला चार बॉल असतात आणि सामना पंचवीस एंडांपर्यंत लांबला तर शंभर वेळा. दीड किलोच्या आसपास वजनाचा गोळा हातात घेऊन शंभर वेळा वाकणे म्हणजे करमणूक नव्हे, हे दुसऱ्या दिवशी मांड्या सांगतात. धावणे, उडी आणि झटक्यात वळणे मात्र यात अजिबात नाही, आणि लिगामेंटचे शत्रू मुख्यतः तेच असतात. पाय पुढे टाकणे जमत नसेल तर डावा पाय आधीच पुढे ठेवून उभे राहण्याची पद्धत आहे. वाकणेच अशक्य असेल तर ‘आर्म’ नावाचे दांडीसारखे साधन मिळते, ज्याने बॉल उभ्यानेच टाकता येतो. मी डॉक्टर नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला ही वाकण्याची कृती प्रत्यक्ष करून दाखवावी आणि मगच सुरुवात करावी. ‘लॉन बॉल्स खेळू का’ असे नुसते विचारले तर ते हसून ‘अवश्य खेळा’ म्हणतील, कारण त्यांच्याही डोळ्यांसमोर पांढरी टोपी घातलेले आजोबाच असतात.

वयाबद्दल थोडक्यात. इंग्लंडच्या डेव्हिड ब्रायंट यांनी जागतिक एकेरीचे विजेतेपद पहिल्यांदा १९६६ मध्ये मिळवले आणि तिसऱ्यांदा १९८८ मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत स्कॉटलंडच्या रोझमेरी लेंटन यांनी ७२व्या वर्षी पॅरा बॉल्समध्ये सुवर्ण मिळवले आणि दोनच दिवसांनी त्यांच्याच देशाच्या जॉर्ज मिलर यांनी, दृष्टिबाधित खेळाडूचे मार्गदर्शक म्हणून, ७५व्या वर्षी सुवर्ण मिळवून सर्वांत जास्त वयात सुवर्ण जिंकण्याचा तो विक्रम मोडला. मात्र याच्या उलट बाजूकडेही पाहायला हवे. २०१८ आणि २०२२ या दोन्ही राष्ट्रकुल स्पर्धांत पुरुष एकेरी जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा ॲरन विल्सन हा विशी-तिशीतला खेळाडू आहे. येथे दहा-बारा वर्षांची मुले क्लबात वाढतात आणि विसाव्या वर्षी त्यांच्या हाताला जे वळण असते, ते आपण एक्केचाळिसाव्या वर्षी कमवायला बसतो. खेळात म्हातारी माणसे आहेत याचा अर्थ खेळ सोपा आहे असा होत नाही; येथे अनुभवाची झीज फार हळू होते, इतकाच होतो.

आता दुसऱ्या खेळातून आलेल्यांविषयी. याबाबत सर्वांत जुने आणि ठळक उदाहरण क्रिकेटचे आहे. डब्ल्यू. जी. ग्रेस हे नाव आपल्याकडे क्रिकेटमुळे ठाऊक असते. ते तरुणपणी अडथळ्यांच्या शर्यतीही जिंकत. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी लॉन बॉल्स मनावर घेतले, १९०३ मध्ये स्थापन झालेल्या इंग्लिश बोलिंग असोसिएशनचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि १९०३ ते १९०८ या काळात त्यांनी या खेळात इंग्लंडचे नेतृत्व केले. एका खेळातला बादशहा दुसऱ्या खेळात नवखा म्हणून उभा राहिला, याचे मला अधिक कौतुक वाटते.

परंतु तुमच्या प्रश्नाला जवळचे उदाहरण तुम्हीच दिलेले आहे. लेमिंग्टन स्पा येथील व्हिक्टोरिया पार्कवर २ ऑगस्ट २०२२ रोजी ज्या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवले, त्यांची पूर्वायुष्ये पाहा. लीड, म्हणजे संघात सर्वांत आधी बॉल टाकणाऱ्या, लव्हली चौबे या धावपटू होत्या आणि दुखापतीनंतर या खेळाकडे वळल्या. पिंकी या दिल्लीत शाळेत क्रीडाशिक्षिका. आसामच्या नयनमोनी सैकिया वेटलिफ्टर होत्या. त्यांनाही दुखापतीनेच वजने सोडायला लावली. स्किप रूपा राणी तिर्की कबड्डीतून आल्या. यांत फुटबॉलपटू कोणी नाही, हे मान्य. पण चौघींपैकी एकीनेही लहानपणी बॉल हातात घेतलेला नव्हता, आणि दोघींना तर शरीराने पहिला खेळ सोडायला भाग पाडले होते. तुमची कहाणी याहून फार वेगळी नाही.

या विजयातली माझ्या दृष्टीने महत्त्वाची आकडेवारी गुणांची नसून वर्षांची आहे. भारताने राष्ट्रकुल स्पर्धेत हा खेळ प्रथम २०१० मध्ये दिल्लीत खेळला. २०१० गेले, २०१४ गेले, २०१८ गेले, पदक नाही. पहिले पदक बारा वर्षांनी आले आणि ते थेट सुवर्ण होते. उपांत्य फेरीत न्यूझीलंडविरुद्ध सुरुवातीलाच ०-५ अशी पिछाडी होती आणि सामना १६-१३ असा जिंकला; अंतिम सामन्यात ८-२ अशी आघाडी निसटून एका टप्प्यावर १०-१० अशी बरोबरी झाली. अशा वेळी चौघींपैकी एकीनेही जोर लावून डाव उधळण्याचा मोह धरला असता, तर काय झाले असते हे सांगता येत नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा बॉल जॅकशेजारी, म्हणजे लक्ष्य असलेल्या लहान गोळ्याशेजारी, आणून ठेवला, आणि उरलेल्या एंडांत दक्षिण आफ्रिकेला एकही गुण मिळाला नाही.

हा ‘आणून ठेवणे’ शब्द मी मुद्दाम वापरला, कारण अडचणीचे मूळ तेथेच आहे. खेळाची रचना थोडक्यात सांगतो. सपाट हिरवळीवर, जिला ग्रीन म्हणतात, चार-साडेपाच मीटर रुंदीच्या पट्ट्या आखलेल्या असतात. एका टोकाला मॅट, आणि तेथून किमान २३ मीटर पुढे जाईल असा लहान पांढरा किंवा पिवळा जॅक टाकला जातो. मग दोन्ही बाजू आळीपाळीने बॉल टाकतात आणि ज्यांचे जितके बॉल प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या बॉलपेक्षा जॅकला जवळ, तितके गुण त्यांना. लहानपणी खड्ड्याजवळ गोटी नेऊन ठेवायची आणि दुसऱ्याची उडवायची, हे ज्याने केले आहे त्याला हेतू समजावून सांगावा लागत नाही.

फरक असा की बॉल सरळ जात नाही. तो एका बाजूला किंचित वेगळ्या आकाराचा घडवलेला असतो, त्यालाच बायस म्हणतात, आणि वेग कमी होत जातो तसतसा तो त्या बाजूला अधिकाधिक वळतो. बॉलवर दोन्ही बाजूंना खुणा असतात. लहान वर्तुळाची खूण असलेली बाजू आतली, म्हणजे वळण्याची. नवख्याने पहिल्या आठवड्यात एकदा तरी बॉल उलटा धरून शेजारच्या पट्टीत पाठवावा, असा जणू नियमच आहे. मी तीनदा पाठवला. वळण शेवटी शेवटी जास्त असल्यामुळे जॅककडे पाहून बॉल टाकता येत नाही. जॅकच्या बऱ्याच डाव्या किंवा उजव्या बाजूला, बहुधा पलीकडच्या बांधावर, एखादी खूण हेरायची आणि तिच्या रोखाने बॉल सोडायचा. पुढचे काम बायस करतो.

येथे फुटबॉलपटूचे डोळे बंड करतात. आपण पास देतो तो धावणाऱ्या सहकाऱ्याच्या पुढे, मोकळ्या जागेत. त्यामुळे जेथे कोणी नाही तेथे चेंडू पाठवण्याची सवय आपल्याला असते, ही जमेची बाजू. पण त्या जागेकडे कोणीतरी धावत येणार, हा भरवसा त्यामागे असतो. जॅक धावत येत नाही. म्हणून हात सुटताना नजर नकळत जॅककडे वळते, खांदा नजरेमागोमाग वळतो आणि बॉल आतून, अरुंद वाटेने जाऊन जॅकच्या पलीकडे भलतीकडेच थांबतो. माझ्या फुटबॉलमधल्या शिकाऊंपैकी जवळपास सर्वांची पहिली चूक हीच होती.

फुटबॉलचा खरा उपयोग होतो तो वजनाच्या, म्हणजे बॉल किती जोराने सोडायचा याच्या, अंदाजात. ओल्या मैदानावर चेंडू किती पळेल आणि धुळीच्या कोरड्या मैदानावर किती, हे हाफच्या पायाला न मोजता कळते. ग्रीनचाही वेग रोज बदलतो आणि तो सेकंदांत मोजतात: मॅटपासून २७ मीटरवर जाऊन थांबणाऱ्या बॉलला किती सेकंद लागले? इंग्लंडच्या जड हिरवळीवर दहा-बारा, आमच्याकडे चौदा-पंधरा आणि कोरड्या दिवशी त्याहूनही अधिक. जितके सेकंद जास्त तितका ग्रीन ‘वेगवान’, हे ऐकून प्रत्येक जण पहिल्यांदा गोंधळतो. कारण सरळ आहे: घर्षण कमी असले की बॉल अगदी हलक्या हाताने सोडावा लागतो, तो बराच वेळ रेंगाळत जातो आणि रेंगाळताना वळतोही जास्त, म्हणून वेगवान ग्रीनवर रोख अधिक बाहेरचा धरायचा. सकाळी दव असताना एक वेग, दुपारी ऊन लागल्यावर दुसरा. हे ओळखायला क्लबातील कारकुनी पेशाच्या माणसांना दोन हंगाम लागतात; फुटबॉल किंवा हॉकी खेळलेल्यांना काही आठवडे पुरतात, असा माझा अनुभव आहे. या एका बाबतीत तुम्ही रांगेत इतरांच्या पुढे उभे आहात.

पाय मात्र तुम्हाला मागे खेचतील. बॉल सोडण्याच्या क्षणी एका पावलाचा निदान काही भाग तरी मॅटवर किंवा मॅटच्या वर असला पाहिजे, असा नियम आहे. पास दिला की लगेच पळायचे हे ज्याच्या अंगात मुरलेले असते, त्याचा मागचा पाय हात सुटण्याच्या आतच मॅट सोडतो आणि पंच हटकतो. माझा पाय सुटू नये म्हणून आमच्या तेव्हाच्या प्रशिक्षकांनी मला बॉल सोडल्यानंतर मोठ्याने पाचपर्यंत आकडे मोजायला लावले होते. शेजारच्या पट्टीवरचे लोक पाहत राहत. मी मराठीत मोजत असे, त्यामुळे त्यांना तो काहीतरी मंत्र वाटला असावा.

आता मूळ अडचण. फुटबॉलमध्ये आपली चूक आपल्याला धावून दुरुस्त करता येते. पास चुकला तर मागे पळा, चेंडू हिसकावा, नाही जमले तर निदान समोरच्याला अडवा. हाफचे तर अर्धे आयुष्य यातच जाते, आणि लोक त्याला जिगर म्हणून टाळ्या देतात. लॉन बॉल्समध्ये बॉल हातातून सुटला की संपले. तो थांबेपर्यंतचे चौदा-पंधरा सेकंद तुम्ही त्याच्या मागून चालत जाऊ शकता, वाकू शकता, ‘अजून वळ, अजून वळ’ म्हणू शकता. त्याला ते ऐकू येत नाही. चूक झाली आहे हे पहिल्या दोन सेकंदांत कळलेले असते आणि उरलेले बारा सेकंद ती चूक सर्वांच्या देखत शांतपणे घडत असते. मला हे असह्य होई. गुडघा नव्हे, वय नव्हे, हे बारा सेकंद फुटबॉलपटूला लॉन बॉल्स सोडायला लावतात.

त्या असह्यतेतून मग पुढची चूक होते. या खेळात जोराचा फटका आहेच, त्याला ड्राइव्ह म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचे बॉल उधळायला किंवा जॅक पट्टीच्या हद्दीबाहेर उडवून एंड रद्द करायला तो लागतो. पहिल्या हंगामात मी संधी मिळेल तेथे ड्राइव्ह मारत असे. एका सामन्यात आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि शेवटच्या एंडला माझा एक बॉल उरला होता. आमचे स्किप, ट्राम चालवून निवृत्त झालेले एक सत्तरीचे गृहस्थ, जॅकपाशी उभे होते. त्यांनी दोन्ही तळहात जमिनीकडे करून हळूच खाली दाबल्यासारखी खूण केली आणि पायाच्या अंगठ्याने जॅकच्या उजवीकडे वीतभर जागा दाखवली. बॉल तेथे थांबला असता तर आम्हाला तीन गुण मिळाले असते. मी मान डोलावली आणि अंगातला सगळा जोर काढून ड्राइव्ह मारला. बॉल आमच्याच दोन जवळच्या बॉलना उडवून ग्रीनच्या टोकाच्या चरीत जाऊन पडला. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. चरीपर्यंत चालत गेले, बॉल बाहेर काढला, खिशातल्या फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. एखादा शब्द बोलले असते तर मी कदाचित रागावून खेळ सोडलाही असता.

तेव्हापासून मी फुटबॉलमधून येणाऱ्या प्रत्येकाला पहिला हंगामभर ड्राइव्ह मारू देत नाही. काहींना हे जाचक वाटते, आणि आमच्या क्लबातल्या दुसऱ्या एका प्रशिक्षकांना माझे हे मत पटत नाही. त्यांच्या मते जोर हे ज्याचे बलस्थान आहे त्याला ते वापरू द्यावे. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण मी पाहिलेले असे आहे की ज्याला ड्राइव्ह आधी जमतो त्याला ड्रॉ, म्हणजे हलक्या हाताने जॅकजवळ नेऊन ठेवलेला बॉल, कधीच नीट जमत नाही. अडचण आली की हात जोराकडे धावतो. ड्रॉ पक्का झालेल्याला ड्राइव्ह महिनाभरात शिकवता येतो.

तुम्ही हाफ होता, हे मला शुभचिन्ह वाटते. स्ट्रायकर आणि गोलरक्षक यांना या खेळात वळवणे मला कठीण गेले आहे, अर्थात तीन-चार माणसांवरून काढलेला हा निष्कर्ष आहे. हाफला दोन्ही बाजूंचे मैदान डोळ्यांत धरावे लागते आणि आपल्या पासचे फळ दुसऱ्याच्या नावावर लागते, याची सवय असते. चौघांच्या संघात लीडचे काम तसेच असते: पहिले दोन बॉल जॅकजवळ ठेवायचे आणि मग बराच वेळ इतरांनी काय केले ते पाहायचे. त्याचे नाव क्वचितच कोणी घेते, पण लीड चुकला तर सेकंड, थर्ड आणि स्किप सगळे आग विझवत बसतात. तुम्ही लीडपासूनच सुरुवात करावी आणि किमान दोन हंगाम तेथेच राहावे. रूपा राणी तिर्की कबड्डीतून येऊन स्किप झाल्या यात मला नवल वाटत नाही, कारण चढाई करणाऱ्याला एका दमात सात जणांची जागा वाचावी लागते. पण ती नजर ग्रीनवर उतरायला मध्ये वर्षे गेली आहेत, हे विसरू नये.

‘वरपर्यंत’ म्हणजे कुठपर्यंत, हे आता ठरवता येईल. क्लबच्या पहिल्या संघात नियमित जागा हे ध्येय असेल, तर आठवड्यातून तीन वेळा सराव धरून चार-पाच वर्षांत ते शक्य आहे. मी ते होताना पाहिले आहे. राज्याच्या पातळीवर पोहोचणे चाळिशीनंतर सुरू करणाऱ्याला फार दुर्मीळ आहे, अशक्य नाही. येथून ऑस्ट्रेलियाच्या संघाचा विचार मनात आणू नये. भारतात परतण्याचा बेत असेल तर चित्र निराळे आहे: तेथे खेळाडू आणि ग्रीन दोन्ही मोजकेच आहेत, रांची, दिल्ली, कोलकाता आणि गुवाहाटी येथे मिळून खेळाचा बहुतेक पसारा सामावतो. स्पर्धा कमी म्हणून संधी अधिक, आणि सरावाची जागा दूर म्हणून अडचणही अधिक, अशी ती तडजोड आहे.

क्लबात पाऊल टाकण्याचा संकोच मात्र व्यर्थ आहे. शुक्रवारी संध्याकाळी बहुतेक क्लबांत ‘बेअरफूट बोल्स’ असते. अनवाणी या, थोडे पैसे भरा आणि खेळा. तेथे कोणी गणवेश विचारत नाही आणि बॉल क्लबच देतो. त्यांतला योग्य मापाचा कसा निवडायचा ते सांगतो, कारण मोठा पंजा म्हणून मोठा बॉल उचलण्याची चूक सगळेच पुरुष करतात. बॉलच्या धावत्या कडेभोवती दोन्ही हातांची मधली बोटे आणि अंगठे गुंफून पाहावेत. खाली अंगठ्याला अंगठा आणि वर बोटाला बोट सहज टेकले तर माप बरोबर. पावसाळी थंडीत बोटे आखडतात, म्हणून शंका असेल तर एक माप लहानच घ्यावे. नियमित खेळू लागलात की सपाट तळाचे बूट हवेत. फुटबॉलचे स्टड घालून ग्रीनवर पाऊल ठेवलेत तर मैदानाची निगा राखणारे गृहस्थ जे बोलतील ते मी येथे लिहू शकत नाही.

पहिल्या महिन्यात जॅक ठेवूच नका. मॅट अंथरा, समोरच्या बांधावर एक खूण धरा आणि बॉल तिच्या रोखाने सोडत राहा. कोठे थांबतो याची चिंता नको, हातातून जमिनीवर न आपटता उतरला की नाही एवढेच पाहा. आपटल्याचा ‘ठप्’ असा आवाज ऐकू येतो. नीट उतरलेल्या बॉलचा आवाजच येत नाही. दुसऱ्या महिन्यात खडूने तीन अंतरे आखून घ्या, जवळचे, मधले आणि लांबचे, आणि एका अंतरावर सलग चार बॉल हातभर जागेत थांबल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नका. फोरहँड (उजव्या हाताच्या माणसाचा उजवीकडून वळत येणारा बॉल) आणि बॅकहँड (डावीकडून येणारा) दोन्ही समसमान टाका, कारण उजव्या हाताच्या माणसाला फोरहँड आधी आवडतो आणि तोच मग कायमचा चिकटतो. प्रत्येक बॉल थांबेपर्यंत मॅटवरच उभे राहायचे आणि काही बोलायचे नाही. ते बारा सेकंद अंगवळणी पडण्याचा दुसरा उपाय मला माहीत नाही.

तिसऱ्या महिन्यापर्यंत टिकलात तर पेनंटच्या शेवटच्या संघासाठी नाव द्या. तेथे माणसे नेहमीच कमी पडतात. दरम्यान गुडघा कोणता ते अवश्य कळवा. डावा असेल तर उभे राहण्याची पद्धत पहिल्याच दिवशी बदलावी लागेल, आणि ती कशी बदलायची ते मी स्वतंत्रपणे लिहीन. माझाही डावाच होता.